हिलालभाऊचा पिवळा दिवा

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत भोंगे भाड्याने देणारा हिलालभाऊ कसा माणूस आहे असं कुणी विचारलं, तर गल्ली एका सुरात सांगे की देवमाणूस आहे, कशालाच नाही म्हणत नाही. यात खोटं काही नव्हतं. नवरदेवाचा बाप म्हणे, दोनाच्या जागी चार भोंगे लाव, हिलालभाऊ म्हणे, "हं." गणपतीची पोरं म्हणत, आरतीच्या आधी सिनेमाची गाणी नकोत, "हं." कुणी वायर पायात आली म्हणून शिवी हासडली तरी "हं" म्हणून तो ती वायर गुंडाळायला वाकत असे. अशा माणसाशी कुणाचं भांडण होणार? नव्हतंच. मैत्रीही नव्हती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

खरी गोष्ट एवढीच होती की हिलालभाऊला ऐकू येत नव्हतं.

वीस वर्षं त्याने भोंगे बांधले होते. शिडीवर चढायचं, भोंगा मांडवाच्या बल्लीला आवळायचा आणि तिथेच, त्याच्या तोंडाशी डोकं ठेवून, खालच्या माणसाला माईकवर बोलायला सांगायचं, ही त्याची तपासणीची रीत. त्याच्या कामाची कीर्ती या रीतीवरच उभी होती, आणि कान गेले तेही हिच्याचमुळे. आधी चिमण्या गेल्या. मग रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाया गेल्या. पुरुषांचे आवाज उरले, पण तेही गोधडीआडून बोलल्यासारखे. नाशिकला सामान आणायला जातो असं सांगून तो एकदा कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने कागदावर लिहूनच दिलं की आतली नस झिजली आहे, ती परत भरून येत नाही. हिलालभाऊने तो कागद एसटीच्या खिडकीतून सोडून दिला आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. भोंगेवालाच बहिरा म्हटल्यावर त्याला लग्नाला कोण बोलावणार?

मग त्याने एक युक्ती धरली. "काय?" असं कधी विचारायचं नाही. ज्याला ऐकू येत नाही तो "काय?" म्हणतो आणि तिथेच पकडला जातो. समोरच्याचं तोंड बघावं, अंदाज घ्यावा आणि "हं" म्हणावं. भोंगेवाल्याशी लोक एरवीही ओरडूनच बोलतात, त्यामुळे दुकानात निभावून जाई. घरात मात्र निभावण्याचा प्रश्नच उरला नव्हता, कारण घरात कुणी बोलतच नव्हतं.

म्हणजे हिलालभाऊची तशी समजूत होती.

त्याची बायको ताईबाई पिंपळनेरची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा घरात सासरे होते, वनाआबा. आबा ओट्यावर बसलेले असत आणि सून पदर नाकापर्यंत ओढून, भिंतीकडे तोंड करून वावरे. सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायचं नाही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, बोललंच तर त्याच्याकडे न बघता, चुलीला सांगावं तसं हळू बोलायचं. तिच्या आईने हेच केलं होतं, आजीनेही. सतरा वर्षं असा संसार झाल्यावर आबा गेले, पण सतरा वर्षांची सवय काही त्यांच्याबरोबर स्मशानात गेली नाही. ताईबाई चुलीकडे तोंड करूनच बसत राहिली, पदर तसाच, आवाज तसाच. त्याच सुमारास हिलालभाऊचे कान बसले. झालं एवढंच की त्याला वाटलं, आबा गेल्यापासून बाई बोलायची बंद झाली.

आणि बंद होण्यासारखं कारणही त्याला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं. पोरबाळ नव्हतं. इतकी वर्षं आबांच्या धाकाने तिने राग गिळला असेल, आता धाक गेला आणि तिने तोंड मिटून घेतलं, असा हिशेब त्याने मनाशी मांडला. ताट पुढे येई. ताट उचललं जाई. मधे पाठमोरी बाई आणि तिच्या पाठीवरून खाली आलेला पदर. सहा वर्षं हे असं चाललं होतं. दिवसभर चार भोंग्यांचा गोंगाट करणारा हा माणूस संध्याकाळी घरी येऊन त्या पाठीकडे बघत बसे, आणि तिने एकदा तरी काही बोलावं म्हणून त्याचा जीव तुटत असे. स्वतःहून तो काही विचारत नसे. विचारलं आणि तिने उत्तर दिलं तर ते ऐकू यायला नको का?

चौऱ्याहत्तर साल उजाडलं. दुष्काळ सरला होता आणि दोन वर्षं अडकून राहिलेली लग्नं एकदम निघाली. जळगावला लखीचंद शेठच्या घरचं लग्न होतं. डाळमिलवाला माणूस, मांडव दोन गल्ल्या अडवून घातलेला. हिलालभाऊला खास धुळ्याहून बोलावलं होतं. जेवणाच्या पंगती बसल्या, त्याने तबकडी लावली, सुई ठेवली आणि हात बांधून खांबाला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याला दिसलं की पंगतीतले लोक त्याच्याकडे बघून हसताहेत. तोही हसला. लोक आणखी हसले. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तो आनंदाने मान हलवत राहिला. शेवटी शेठजींचे व्याही ताडताड चालत आले आणि त्यांनी सुई उचलून बाजूला फेकली. तबकडी अडकली होती. गाणारीचा एकच अर्धा शब्द सगळा मांडव पाच मिनिटं ऐकत होता, आणि भोंगेवाला शेजारी उभा राहून डोलत होता.

लखीचंद शेठ भला माणूस. झोप लागली होती का, एवढंच त्यांनी विचारलं. हिलालभाऊने नेहमीप्रमाणे "हं" म्हटलं आणि या वेळी ते "हं" नशिबाने योग्य जागी पडलं. पण परतीच्या वाटेवर पारोळा येईपर्यंत तो पंगतीतली हसणारी तोंडं आठवत राहिला. आज निभावलं, उद्या निभावणार नाही, हे त्याला कळून चुकलं.

कानाने येत नाही ते डोळ्याने बघायची सोय करावी, हा विचार त्याच प्रवासात आला. अशी सोय असते हे त्याला माहीत होतं. मुंबईच्या जुन्या बाजारात घेतलेल्या एका इंग्रजी मासिकात गाण्यावर नाचणाऱ्या दिव्यांची आकृती होती. हिलालभाऊचं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं, पण आकृती वाचायला इंग्रजी लागत नाही. कंडेन्सरच्या दोन रेघा सगळीकडे सारख्याच. ॲम्प्लिफायरमधून भोंग्याकडे जाणाऱ्या आवाजाचा थोडा वाटा काढून घ्यायचा, त्याचे तीन भाग पाडायचे. ढोलकी, नगारा असा जाड आवाज लाल दिव्याकडे. माणसाचा गळा पिवळ्याकडे. झांजा, घुंगरं, सनईचं टोक असलं बारीक सारं हिरव्याकडे. आवाज वाढला की दिवा पेटेल, उतरला की मंदावेल. तबकडी अडकली तर तेच तेच दिवे त्याच त्याच ठेक्यात लागत राहतील, आणि मान डोलावणाऱ्या माणसाला ते दिसेल.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथल्या बाकड्यावर त्याने मांडामांड केली. जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला. कंडेन्सर बदलून बदलून बघितले. टॉर्चचे तीन बारीक बल्ब डालड्याच्या डब्याच्या पत्र्यात बसवले आणि त्यांवर मांडवाचा रंगीत जिलेटीन कागद चिकटवला. आधी तिन्ही एकदम पेटत, मग लाल तेवढा पेटून राही आणि बाकीचे मेलेले. डाग द्यायच्या तापलेल्या कय्याचे चटके बोटांना किती बसले त्याला गणती नाही. पंधरा दिवसांनी एका दुपारी त्याने तबकडी लावली आणि लाल दिवा ढोलकीवर उडायला लागला, पिवळा गाणारीच्या गळ्याबरोबर फुलायला, मिटायला लागला. किती तरी वर्षांनी त्याला गाणं समजलं. तो एकटाच होता. डोळे पुसून त्याने ती तबकडी परत लावली, मग आणखी एकदा. सांगावं असं घरात एकच माणूस होतं आणि ते पाठमोरं होतं.

चार दिवसांनी संध्याकाळी तो माईक जोडून बघत होता. मांडवात भाषणंही होतात, तेव्हा दिवे काय करतात ते बघायचं होतं. भोंगा जोडलेला नव्हता, ॲम्प्लिफायरचा आवाज नुसता दिव्यांकडे जात होता. माईक बाकड्यावर आडवा पडलेला, तोंड स्वयंपाकघराच्या उघड्या दाराकडे. आत ताईबाई भाकरी करत होती. हिलालभाऊ एक सुटलेली वायर चिकटवत होता आणि त्याला दिसलं, लाल दिवा लुकलुकतो आहे. ठरावीक ठेक्यात. ती भाकरी थापत होती तो ठेका. हे ठीकच होतं. पण पिवळाही लागत होता.

त्याला वाटलं जोड सैल आहे. त्याने सगळे जोड दाबून पाहिले. पिवळा लागतच होता, फुलत होता, मिटत होता, मधेच थांबून परत फुलत होता. त्याने माईकची पिन काढली. दिवे गेले. पिन घातली, पिवळा लागला. त्याने रस्त्याकडचं दार लावून घेतलं, तरी पिवळा लागला. मग तो हळूच वळून स्वयंपाकघरात बघू लागला. ताईबाईची पाठ. पदर. थापणारे हात. आणि नीट बघितल्यावर, पदराआड किंचित हलणारा जबडा.

ती बोलत होती.

हिलालभाऊ स्टुलावर बसला. बाई बोलत होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे त्याच्याशीच बोलत होती. आज बोलते आहे की कालही बोलत होती? परवा? गेल्या वर्षी? सहा वर्षं ही अशी चुलीकडे तोंड करून त्याच्याशी बोलत आली, आणि तो तिच्या पाठीकडे बघून ती बोलत नाही म्हणून कुढत राहिला? दिवा विझला. थोडा वेळ विझलेलाच राहिला. ती उत्तराची वाट बघत असणार. हिलालभाऊने आयुष्यात जे एकच उत्तर पाठ केलं होतं ते दिलं.

"हं."

पाठ थबकली. हात भाकरीवर तसेच राहिले. मग पिवळा दिवा असा भडाभडा पेटत सुटला की पत्र्यावरचा कागद तापला.

त्याच वेळी उठून तिच्या समोर जाऊन बसायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं. हे मला कळतं, तुम्हाला कळतं, त्यालाही कळत होतं. पण सहा वर्षं बोलणाऱ्या बाईला "मला यातलं अक्षर ऐकू आलं नाही" हे सांगायचं धाडस त्याला झालं नाही. शिवाय जे मिळालं होतं तेवढंच त्याला पुरेसं वाटलं. रोज संध्याकाळी तो दिव्यांशी खटपट करण्याच्या निमित्ताने बाकड्याशी बसू लागला. माईक दाराकडे तोंड करून ठेवायचा. पिवळा लागला की बघत राहायचं, विझला आणि विझलेलाच राहिला की म्हणायचं, "हं." तिच्या बोलण्याचा घाट त्याला ओळखू यायला लागला. हसली तर दिवा तुकड्यातुकड्यांनी लागे. कुणाची तरी तक्रार असली तर एकसारखा जळे. शब्द एकही कळत नव्हता. तरी त्याला ते दिवस सुखाचे वाटले, आणि ताईबाईनेही त्या दिवसांत नवं लुगडं काढून नेसलं, त्याच्या ताटात भाजी जास्त पडू लागली. उंबरठ्यावर बसून तिने एकदा त्याच्याकडे वळून बघितलंसुद्धा.

मोठे दिवेही तयार झाले. मोठे बल्ब झेपतील असे मुंबईहून मागवलेले थायरिस्टर, साठ-साठ वॅटचे रंगवलेले बल्ब, लाकडी चौकट. पहिल्याच लग्नात लोक नवरा-नवरी सोडून चौकटीकडे बघत उभे राहिले. नाचणाऱ्या दिव्यांचा हिलालभाऊ म्हणून त्याचं नाव साक्रीपर्यंत गेलं. ही शोभा नसून आपल्या कानांची काठी आहे, हे तो कुणाला सांगणार?

अशात त्याचा चुलतभाऊ गिरधर गावाहून आला. गिरधर म्हणजे उपदेशाची पेटी. ओट्यावर बसून, आतल्या दाराकडे एक डोळा ठेवून तो खालच्या आवाजात बराच वेळ बोलत राहिला. तोंडावर हात धरून बोलणाऱ्याचं काही वाचता येत नाही. हिलालभाऊने आपल्या रीतीप्रमाणे मधूनमधून "हं" म्हटलं. गिरधर खूश होऊन, त्याच्या मांडीवर थाप मारून गेला. काय बोलला कोण जाणे, हिलालभाऊने मनातून काढून टाकलं.

त्या संध्याकाळी पिवळा दिवा उशिरा लागला. हळू लागला, थोडा वेळ जळला आणि विझला. हिलालभाऊने बराच वेळ वाट बघून "हं" म्हटलं. दिवा परत लागला, आधीपेक्षा मंद. विझला. "हं." तिसऱ्यांदा तर नीट पेटलाच नाही, नुसता थरथरला. आज बाई थकली आहे असं त्याला वाटलं. त्याने मायेने म्हटलं, "हं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याला जळगावला लग्नाला जायचं होतं. दोन दिवसांनी तो परतला तर घराला कुलूप. शेजारची भिकुबाई किल्ली घेऊन बाहेर आली. किल्ली तिने हातात दिली नाही, त्याच्या पायाशी टाकली. भिकुबाईचा आवाज गल्लीभर पोचणारा, तो हिलालभाऊलाही पोचला.

"तिनी तीनदा इचारं, अन् तीनदा तुम्हीच हं म्हनं. आता कुलूप काय बघी राहिनात?"

तीनदा काय विचारलं, हे भिकुबाईने न विचारताच सांगितलं, आणि चार घरांच्या बाया दारात उभ्या राहून ऐकत होत्या. गिरधर गावातल्या एका विधवेचं स्थळ घेऊन आला होता. वंशाला दिवा हवा, दुसरी करून टाक, असं त्याने सुचवलं आणि हिलालभाऊ प्रत्येक वाक्याला हं म्हणत गेला. दाराआड ताईबाईने सारं ऐकलं. संध्याकाळी तिने विचारलं, गिरधरभाऊ म्हणतात ते तुमच्या मनात आहे का? हं. मी नकोशी झाले का? हं. मग मी पिंपळनेरला भावाकडे जाऊन राहू का, कायमची? हं.

तिसऱ्या "हं"मधली आपली माया त्याला आठवली आणि तो दारातच खाली बसला. कोणी मारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

पुढच्याच एसटीने तो निघाला. साक्रीला गाडी बदलून पिंपळनेरला पोचेपर्यंत दुपार झाली. ताईबाईचा भाऊ निंबा आणि त्याची माणसं अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. ताईबाई त्यांच्यातच होती. हिलालभाऊला बघून तिने पदर ओढला आणि पाठ केली. कुणी पाणी विचारलं नाही. उभ्याउभ्याच, कुणाकडेही न बघता, त्याने मोठ्याने सांगितलं. आपला आवाज किती मोठा झाला याचा अंदाज त्याला कधीच येत नसे, त्यामुळे ते शेजारच्या तीन अंगणांनाही कळलं.

"मले आयकू येत नही. सहा वरीस व्हयनात."

निंबा हसला. भोंगेवाला आणि बहिरा, म्हणजे चांगलंच सोंग काढलं म्हणाला. पण हिलालभाऊ हसला नाही, वळून त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि मग निंबाच्याही लक्षात आलं की पाहुण्याला आपलं बोलणं पोचलेलंच नाही. ताईबाई काहीतरी बोलली. पदर हलला तेवढा त्याला दिसला. सवयीने "हं" ओठांपर्यंत आला होता. तो त्याने गिळला, आणि सहा वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"काय?"

ताईबाई उठली. भावादेखत, भावजयीदेखत तिने पदर मागे सारला, त्याच्या अगदी जवळ आली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने विचारलं, "गिरधरभाऊले बी असंच हं म्हनं का?"

त्याने मान डोलावली. गिरधर काय बोलला ते आपल्याला आत्ता, भिकुबाईकडून कळलं, हे त्याने सांगितलं. ताईबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या जवळून, इतका वेळ ती बहुधा पहिल्यांदाच बघत होती. मग ती घरात गेली आणि आपली ट्रंक घेऊन आली. निंबाने ती बसथांब्यापर्यंत उचलून दिली.

हिलालभाऊने वाटेत गिरधरच्या गावी उतरून त्याला नकार कळवला. आता उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. भोंगेवाला बहिरा आहे ही बातमी धुळ्यात पसरली, आणि ज्याची त्याला एवढी धास्ती होती ते काही झालं नाही. दोन-चार गिऱ्हाइकं गेली. बाकीचे म्हणाले, लोक त्याचे दिवे बघायला येतात, त्याच्या कानांशी आपल्याला काय करायचं. लखीचंद शेठने तर धाकट्या मुलाच्या लग्नालाही त्यालाच बोलावलं. सहा वर्षं ज्या भीतीने त्याने तोंड मिटून घेतलं होतं, ती भीती एका आठवड्यात निकालात निघाली. याचा आनंद व्हायला हवा होता. त्याला नुसती लाज वाटली.

ताईबाई परत आली ती चांगली वागली. आता ती त्याच्या समोर येऊन, पदर मागे घेऊन, शब्द सुटे करून बोलत असे. जेवायला बसा. दळण आणायचं आहे. भिकुबाईच्या घरी सत्यनारायण आहे. त्याला सगळं कळे. कळलं नाही तर तो "काय?" म्हणे आणि ती परत सांगे. लोकांना वाटलं, या वयात दोघांचं चांगलं जमलं.

संध्याकाळी तो पूर्वीसारखाच बाकड्याशी बसे, माईक दाराकडे तोंड करून ठेवलेला. आत भाकरी थापली जात असे, लाल दिवा ठेक्यात लुकलुकत असे. पिवळा लागत नसे. पहिल्या दिवशी त्याने बल्ब बदलून पाहिला. दुसऱ्या दिवशी माईकजवळ तोंड नेऊन स्वतः बोलून बघितलं. दिवा झकास पेटला. आठ-दहा दिवस त्याने वाट बघितली. मग एका संध्याकाळी उठून तो चुलीपाशी जाऊन उभा राहिला. आधी बसायचीस तशी चुलीकडे तोंड करूनच बस, म्हणाला, आणि बोलायचीस तसं बोलत जा, माझ्याकडे येऊन ओरडायची तसदी घेऊ नकोस, मी दिवा बघत जाईन.

ताईबाईने हाताला लागलेलं पीठ परातीत झाडलं. ती त्याच्याकडे वळली. त्याला नीट कळावं म्हणून तिने प्रत्येक शब्द सावकाश उच्चारला. आवाजात राग नव्हता.

"तवय मले वाटे, तुम्ही आयकतस."

तव्यावरची भाकरी करपायला आली होती, म्हणून ती परत चुलीकडे वळली.